पैकीच्या पैकी

सोमवार, ९ जानेवारी २०१७

तेजसने आज ऑफिसच्या काचेवर स्केच पेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं : युजर कधीच खोटं बोलत नाही. मी त्याच्याखाली ‘पुण्यात?’ एवढंच लिहिलं. तो हसला नाही. वय अठ्ठावीस, त्यात आमच्या नव्या कंपनीतला माझा भागीदार, त्यामुळे गांभीर्य जरा जास्तच.

ऑफिस म्हणजे खराडीत दुसऱ्यांच्या कंपनीत भाड्याने घेतलेली दोन टेबलं. बरी चाललेली नोकरी सोडून मी इथे येऊन बसले आहे. आमचं सॉफ्टवेअर राधाताईंच्या ब्यूरोसाठी आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे राधाताई दिवसभरासाठी मावश्या पाठवतात. रोज संध्याकाळी घरातल्या टॅबवर प्रश्न उमटतो : आजच्या कामाला पाचपैकी किती मार्क? म्हाताऱ्यांनी मार्क द्यायचे आणि त्यावरून सॉफ्टवेअरने आपलं आपण शिकत जायचं. कुठली मावशी कुठल्या घरी पाठवावी, कुठल्या घराकडे जास्त लक्ष द्यावं, कुठे नाही दिलं तरी चालेल. मार्चअखेर एका मोठ्या हॉस्पिटलच्या लोकांना हे दाखवायचं आहे. त्यांना पटलं तर आमची कंपनी उभी राहील. नाही पटलं तर मी बेचाळिसाव्या वर्षी बायोडेटा घेऊन फिरेन.

सुरुवातीच्या घरांमध्ये मी आईचंही घर घातलं आहे. आई धायरीला एकटी राहते. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलं, तेव्हा आमचं ठरलं होतं की सगळं नीट चाललंय तोवर धायरी. काही चुकलं की सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं, खराडीत अकराव्या मजल्यावर. “अकराव्या मजल्यावर माणसं राहत नाहीत, कबुतरं राहतात,” असं आई म्हणाली होती, पण कबूल केलं. तेव्हापासून तिच्याकडे इंदुबाई येतात. त्या धायरी गावातल्याच, पन्नाशी ओलांडलेल्या. त्या आहेत म्हणून मी इथे निवांत आहे. निवांत म्हणजे आईच्या बाबतीत तरी.

शनिवार, १४ जानेवारी. संक्रांत

स्वारगेटला बस बदलून धायरी गाठेपर्यंत दुपार झाली. आईने दारातच तिळगूळ हातावर ठेवला. मग चहा झाल्यावर पुन्हा ठेवला. म्हटलं, आज लाड दिसतोय. इंदुबाई लगेच म्हणाल्या, “सणाचं दोनदा घ्यावं, ताई.”

दोघींचं बघून मौज वाटली. आई स्टुलावर बसून तांदूळ निवडते आणि गॅस इंदुबाईंकडे. आई हल्ली गॅसला हातही लावत नाही, राणीसाहेब झाल्या आहेत. जेवणाआधी गोळ्यांचा कार्यक्रम असतो. आई एकेक पाकीट हातात घेऊन मोठ्याने नाव वाचते आणि इंदुबाई ऐकून सांगतात, ही न्याहारीआधीची, ही रात्रीची, ही जेवणावर. बाई शाळेतून निवृत्त झाल्या तरी हजेरी घ्यायची खोड जात नाही. पाकिटांना इंदुबाईंनी रबर लावलेत, सकाळच्याला एक, संध्याकाळच्याला दोन. चाचपून कळतं म्हणाल्या. इतकी साधी आणि छान युक्ती आहे की मी तेजसला लगेच मेसेज केला, अशा खुणा आपण ॲपमध्ये आणू या. ऑफिसात बसून आम्हाला हे कधी सुचलं नसतं.

निघताना आईने विचारलं, तुझा तो तेजस जेवायला कुठे जातो. हेच तिने मी आल्याआल्या विचारलं होतं. माझं उत्तर ती कधी नीट ऐकतच नाही, लहानपणापासून.

बुधवार, १८ जानेवारी

आज आईच्या घराचे मार्क काढून पाहिले. सुरुवातीपासून रोज पाचपैकी पाच. एक दिवस सुटलेला नाही.

हे मला झोंबलं, खरं सांगायचं तर. चौथीत मी आईच्याच वर्गात होते. गणिताची सगळी उदाहरणं बरोबर आली होती, तरी तिने अक्षर वाईट म्हणून एक मार्क कापला. घरी येऊन रडले तर म्हणाली, पैकीच्या पैकी दिले की माणूस वाढायचा थांबतो. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण कुणाला पूर्ण मार्क दिल्याचं आठवत नाही. आणि इंदुबाईंना रोज पाच. भाजी कधी करपत नाही? बाई कधी उशिरा येत नाहीत?

तेजसला सांगितलं तर तो खूश. म्हणाला, इतक्या कडक युजरने इतके मार्क दिले म्हणजे सिग्नल एकदम क्लीन आहे. बरोबर आहे त्याचं. आईची साक्ष पुराव्याला घ्यावी अशीच आहे.

गुरुवार, २ फेब्रुवारी

दुपारी आईला फोन केला. बरी आहेस ना, बरी आहे, जेवलीस ना, जेवले, एवढंच बोलणं. शनिवारी येते म्हटलं तर म्हणाली, परवा कुठे शनिवार? मागून इंदुबाईंचा आवाज आला, “गुरुवार हाय बाई आज.” आई म्हणाली, मला ठाऊक आहे, मी हिची परीक्षा घेत होते.

शनिवारी जाणं झालं नाही तर बरं, असं वाटतंय. हॉस्पिटलच्या लोकांनी आणखी आकडे मागितलेत. दिवसभर जागेवर बसवत नाही, खिडकीशी उभी राहून चहावर चहा पिते आहे.

सोमवार, १३ फेब्रुवारी

मार्कांवरून सॉफ्टवेअरने आज पहिल्यांदाच स्वतः वाटणी करून दिली. आमच्या नियमाप्रमाणे सगळ्यांत चांगली मावशी सगळ्यांत अवघड घरी. यादीत पहिलं नाव इंदुबाईंचं आहे. त्यांना सहकारनगरला तात्याराव म्हणून एक गृहस्थ आहेत त्यांच्याकडे पाठवावं, असं सॉफ्टवेअर म्हणतंय. हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालंय, गोळ्याच गोळ्या आहेत, स्वभाव तिखट आहे. आणि आईचं घर ‘सोपं’ या रकान्यात पडलं आहे. तिथे नवीन मुलगी चालेल आणि राधाताईंची महिन्याची फेरीही नको.

क्षणभर वाटलं, आईचं घर यातून गुपचूप काढून टाकावं. मग लाज वाटली. दुसऱ्यांच्या आयांना नियम आणि माझ्या आईला सूट? तेजस बघत होता. मी ‘मंजूर’ दाबलं. इंदुबाईंना पगारही वाढून मिळणार आहे, त्यामुळे वाईट काहीच नाही यात.

बुधवार, १५ फेब्रुवारी

आईला कालच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “तुझं यंत्र हुशार आहे. माणसं बरोबर ओळखतं.” हे कौतुक नव्हे एवढं मला कळतं. पण आई आहे, चार दिवस रुसेल.

पहिला दिवस म्हणून आज इंदुबाईंना स्वारगेटला भेटले आणि सहकारनगरपर्यंत सोबत गेले. स्टँडवर त्या प्रत्येक माणसाला विचारत होत्या, ही कुठली गाडी, ही कुठली गाडी. बोर्ड समोर होता. म्हटलं मावशी, बोर्डावर लिहिलंय की. म्हणाल्या, “उन्हानं दिसत न्हाई, ताई.” बसमध्ये त्यांनी मला हळूच विचारलं, परत बाईंकडं धाडता न्हाई येनार का. मी त्यांना समजावलं की ही बढती आहे, शिक्षा नाही. तुमचं काम चांगलं म्हणूनच मोठं घर मिळालंय. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. गावातून कधी बाहेर काम केलं नाही त्यांनी, भीती वाटणारच.

सोमवार, २० फेब्रुवारी

आठवडाच विचित्र आहे. आईकडे रुपाली नावाची मुलगी जाते आहे, नर्सिंगचा कोर्स झालेली, चुणचुणीत. आईने तिला पहिल्या दिवसापासून पाच मार्क दिलेत, म्हणजे रुसवा संपला. आणि तिकडे तात्यारावांच्या घरून इंदुबाईंना पाचपैकी एक. मुलाने तक्रार लिहिली आहे की बाई कामचुकार आहेत. प्रत्येक गोळीच्या वेळी घरातल्या कुणाला तरी बोलावून पाकीट वाचायला लावतात. कुणी आलं नाही तर गोळी देतच नाहीत, नुसत्या बसून राहतात.

मी हबकले. तेजस म्हणाला, मॉडेल बघ ना, लगेच शिकलंय. इंदुबाई यादीत पहिल्या नंबरवरून तळाशी गेल्या होत्या. राधाताईंच्या ऑफिसने त्यांना घरी बसायला सांगितलं आहे, पुढचं काम निघेपर्यंत. आणि सॉफ्टवेअर आहे तोवर तळाच्या माणसाला काम निघणार नाही. ते आम्हीच तसं बनवलंय.

आईच्या पाच मार्कांचा मग अर्थ काय? इतकी कडक बाई आणि तिला कामचुकारपणा दिसला नाही? माझ्या मनातून जात नाहीये. आईला विचारलं तर म्हणाली, “तात्यारावांना वाचता येत नाही का स्वतःला?” आणि फोन ठेवला.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी. महाशिवरात्र

आईला फोन. उपासाला काय केलंस विचारलं तर म्हणाली, पोहे खाल्ले रुपालीच्या हातचे, कांदा जरा कमी होता. माझ्या आठवणीत आईची शिवरात्र कधी मोडलेली नाही. तापात असताना सुद्धा नाही. म्हातारपणी पुरोगामी झाली बहुतेक. मी हसले, तीही हसली, मग विचारलं, “आज काय आहे?”

रुपालीला आजही पाच.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

आईला दवाखान्यात ठेवलं आहे. मी बाहेर बाकावर बसून लिहिते आहे, कारण काहीतरी करत राहिलं नाही तर मी इथल्या लोकांशी भांडेन.

काल संध्याकाळी रुपालीने आईला मधुमेहाची गोळी दिली, तशी नोंद केली आणि सहा वाजता ती गेली. आईने त्यानंतर ती गोळी पुन्हा घेतली. कदाचित दोनदा घेतली, पाकिटावरून तसंच दिसतंय. आणि जेवली नाही. ताट झाकलेलं तसंच होतं. खालच्या गोदाबाई भांडं परत द्यायला वर आल्या, दार कुणी उघडेना, त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून आत गेल्या. आई स्वयंपाकघरात जमिनीवर होती, घामाने चिंब, बोलता येत नव्हतं. गोदाबाईंनी तोंडात साखर घातली आणि रिक्षा आणली. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला न विचारता सांगितलं.

किल्ली कधी दिली म्हणून गोदाबाईंना विचारलं. म्हणाल्या, इंदूने दिली होती जाताना. म्हणाली, संध्याकाळी एकदा डोकावत जा, आता दुसरी बाई येणार, मी फोन करणं बरं दिसायचं नाही.

कसला फोन, ते मला ठाऊक नव्हतं.

बुधवार, १ मार्च

डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. त्यांनी आईला विचारलं, आजी, आज वार कोणता? आईने उत्तर देण्याआधी दाराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, महिना कोणता? आईने पुन्हा दाराकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. ती म्हणाली, “इंदुबाई आल्या की सांगते.”

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन विचारलं, हे कधीपासून आहे? त्यांच्या मते निदान वर्षभर तरी असावं. वर्षभर मी जवळपास रोज फोन करते आहे. बरी आहेस ना, बरी आहे.

दुपारी लॅपटॉप उघडून सोमवारची नोंद काढली. ज्या संध्याकाळी आई पडली त्या संध्याकाळीही टॅबवर पाचपैकी पाच होते. आणि स्क्रीनवर घराचा रंग हिरवा, म्हणजे सगळं ठीक. आम्ही हिरवा निवडला होता, कारण तो बघायला बरा वाटतो.

शुक्रवार, ३ मार्च

आज धायरी गावात जाऊन इंदुबाईंचं घर शोधून काढलं. मनात राग होता, तो लिहून ठेवते. मला वाटत होतं, या बाईने माझ्यापासून लपवलं. वर्षभर माझ्या आईचा आजार लपवला आणि वर पगार घेतला.

त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले तरी ओळखलं नाही. मी बोलल्यावर ओळखलं. तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं, आणि मी तिथेच खाली बसले. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. जवळचं अक्षर तर गेल्या दिवाळीपासूनच दिसत नाही. ब्यूरोला कळलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. बाईंना मात्र सांगितलं होतं.

मग त्यांनी सगळंच सांगितलं. गोळीचं नाव आई वाचायची, वेळ इंदुबाई लक्षात ठेवायच्या. तांदळातले खडे आई बघायची, गॅस बंद केला की नाही ते इंदुबाई बघायच्या. माझा फोन आला की त्या शेजारी उभ्या राहायच्या, आई अडखळली की वार सांगायच्या, काय जेवलो ते सांगायच्या. संध्याकाळी घरी आल्यावर रोज फोन करायच्या, बाई, जेवलात का, गोळी मी दिलीय, पुन्हा घेऊ नका. या सगळ्याला दोघींनी कधी नाव दिलं नव्हतं. चाललं होतं म्हणून चालवलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत.

“बाईंनी शपथ घातली व्हती. म्हनल्या, पोरीला कळलं तर मला त्या कबुतरखान्यात नेऊन ठेवंल.” मग म्हणाल्या, “आनि ताई, तात्यारावांकडं मला दिसत नव्हतं, म्हनून म्या हात लावला न्हाई. चुकीची गोळी दिली असती तर पाप लागलं असतं. कामचुकार म्हनले तर म्हनू द्या.”

त्यांनी चहा टाकला. साखरेचा डबा चाचपून उघडला आणि पहिल्यांदा बोट बुडवून चव घेतली, मीठ नाही ना म्हणून.

शनिवार, ४ मार्च

आईला घरी आणलं. तिने आल्याआल्या बॅग कपाटावरून काढली आणि पलंगावर उघडून ठेवली. साड्या घालायला लागली. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, ठरलंय ना आपलं, चुकलं की खराडी. ते मात्र तिला लख्ख आठवत होतं.

मी बॅग बंद केली. तिच्या शेजारी बसले आणि जे डोक्यात घोळत होतं ते विचारलं. इंदुबाईंना दिसत नव्हतं हे ठाऊक असून रोज पाच मार्क का दिलेस? आणि रुपालीला का दिलेस? तू तर मलाही कधी पैकीच्या पैकी दिले नाहीस.

आई थोडा वेळ पदराची दशी ओढत राहिली. मग शाळेत बोलायची त्या आवाजात म्हणाली, “रुपालीला दिले कारण पोरीचं पोट आहे त्यावर. आपल्याला आवडली नाही म्हणून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नसतो. इंदुबाईची गोष्ट निराळी. तिला दिसत नाही, मला आठवत नाही. दोघींचं मिळून एक माणूस होत होतं. कमी मार्क दिले असते तर तू तिला काढून टाकलं असतंस. म्हणून पूर्ण दिले. तर पूर्ण दिले म्हणून तू तिला घेऊन गेलीस.”

आणि माझ्याकडे बघून विचारलं, “मग बाई राहावी म्हणून किती मार्क द्यायचे असतात, शर्मिला? ते तरी सांगून ठेवायचं होतंस.”

मी रडले. आईने रुमाल दिला, तो चुरगळलेला होता म्हणून परत घेतला आणि दुसरा दिला.

सोमवार, ६ मार्च

तेजसला सगळं सांगितलं. माझ्या आईच्या घराचं, इंदुबाईंचं, आणि हेही की आपले मार्क कुचकामी आहेत. त्याने आधी वाद घातला. एका घरावरून सगळा डेटा टाकता येत नाही म्हणाला, सॅम्पल साइझ बघ. मग स्वतःच फोन घेऊन बसला आणि घरोघरी विचारत गेला, तुम्ही पाच का दिलेत. संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता. बिचारीला लांबून यावं लागतं. तिचा नवरा काही करत नाही. आम्ही कशाला कुणाचं वाईट लिहू. एका आजोबांनी सांगितलं की टॅब खूप चमकतो, पाच दाबले की लवकर विझतो. कामाबद्दल कुणीच मार्क दिलेले नव्हते. आम्ही विचारलं होतं कामाबद्दल, आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, या बाईचं काम जाऊ नये.

राधाताईंकडे दोघं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस म्हाताऱ्यांच्या दयेचाच आलेख काढून तुम्ही आम्हाला दाखवत होतात. छान रंगीत होता.” हॉस्पिटलच्या लोकांनाही मीच फोन केला. त्यांनी नंतर कळवतो म्हणून सांगितलं. नंतर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

बाहेर आल्यावर तेजसने विचारलं, आता? मी म्हटलं, आधी एक डोळ्यांचा डॉक्टर शोधू.

मंगळवार, १४ मार्च

इंदुबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. राधाताईंनी अर्धा खर्च उचलला, फारसं न बोलता. आई सकाळपासून दवाखान्यात माझ्याबरोबर होती. इंदुबाईंना आत नेताना तिने त्यांना सांगितलं, घाबरू नका, मी इथेच आहे. तासाभराने मला विचारलं, आपण इथे कशाला आलोय? मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. समोरच्या बाकावरची बाई बघायला लागली. इंदुबाई हे वर्षभर कशा करत होत्या, कळत नाही.

मी अजून खराडीतच आहे. आईकडे राहायला जावं का, जाऊ नये का, याचं माझ्या डोक्यात रोज वेगळं उत्तर येतं.

मंगळवार, २८ मार्च. गुढीपाडवा

गुढी इंदुबाईंनी उभारली, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. साखरेची गाठी आईने बांधली. इंदुबाई आता रोज येतात आणि संध्याकाळी सहानंतर रुपाली रात्रीपर्यंत थांबते. आईच्या आजाराचं नाव आता घरात मोठ्याने घेतलं जातं. आधी चोरट्यासारखं वाटायचं, आता जरा सवय झाली आहे. गोळ्यांची हजेरी मात्र अजून चालू आहे. इंदुबाईंना आता वाचता येतं, तरी त्या आईलाच वाचायला लावतात.

तेजसने टॅबवरचा प्रश्न बदलला आहे. आता विचारतो, उद्याही याच मावशी याव्यात का? आणि आठवड्यातून एकदा तो स्वतः घरोघरी फोन करतो. मार्क काढून टाकावेत असं माझं म्हणणं होतं, पण आईने तंबी दिली की मार्क राहू द्या, इतकी वर्षं दिलेत. म्हणून त्याने मार्कांखाली एक ओळ घातली : या मार्कांवरून कुणाचंही काम जाणार नाही आणि कुणाचीही बदली होणार नाही. हॉस्पिटलचा फोन आलेला नाही. मी बायोडेटा काढून ठेवला आहे, अजून कुणाला पाठवलेला नाही.

आज संध्याकाळी टॅब वाजला तेव्हा मी तिथेच होते. आईने ती ओळ मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “कुणाचीही म्हणजे माझीसुद्धा?”

म्हटलं, तुझीसुद्धा. बॅग मी खाली गोदाबाईंना देऊन टाकली.

तिने चष्मा सारखा केला. इंदुबाई भांडी आवरत होत्या, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बोट टेकवलं. पाचपैकी तीन.

मी टॅबवर वाकून पुन्हा पाहिलं. “आमटी खारट झाली होती,” आई म्हणाली, “आणि श्रीखंड पातळ.” आतून इंदुबाई म्हणाल्या, “दही दुकानातलं हाय, बाई. घरी लावलेलं न्हाई.” आई म्हणाली, म्हणूनच तीन दिले, नाहीतर दोन दिले असते.

बुधवार, २९ मार्च

रात्री धायरीलाच राहिले. सकाळी आई टॅब हातात घेऊन बाहेर आली, कपाळाला आठ्या.

“इंदुबाईंना तीन मार्क कुणी दिले?”

मी म्हटलं, तूच दिलेस, काल.

तिने पुन्हा एकदा आकडा पाहिला. काहीतरी आठवतंय का ते शोधत असावी, पण सापडलं नाही. मग टॅब टेबलावर ठेवला आणि चहाचा कप ओढून घेतला.

“मी दिलेत ना,” ती म्हणाली, “मग बरोबरच असतील.”